कोंबड्यांविना मावशी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. संतोष, तिचा मुलगा, इतकंच म्हणाला, "ताई, आई गेली. सकाळी उठलीच न्हाई." त्याच्यामागे कोंबड्यांच्या शेडमधल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली... महिना होत आला, अजून नीट रडू आलेलं नाही.

पिंगळीला मावशीची थोडीशी जमीन आणि अंगणभर गावरान कोंबड्या. आई गेल्यावर माझ्या सगळ्या सुट्ट्या त्याच अंगणात गेल्या. मीठमिरची अंड्यांवर निघायची, तरी माझ्यासाठी एक अंडं ती रोज बाजूला ठेवायची. पुढे नुसत्या सोयाबीनवर भागेना, म्हणून संतोषनं कंपनीशी करार करून ब्रॉयलरचं शेड घातलं. त्याचंही चूक नव्हतं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, सांभाळायचं यांनी. पण पाहणीला आलेल्या माणसानं अंगणाकडे बोट केलं. "ह्या काढाव्या लागतील. यांचा रोग शेडात जातो." मावशीनं संतोषकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "बरं," ती म्हणाली.

कोंबड्या तिनं बाजारात विकल्या. एक तेवढी अंड्यांवर बसलेली होती. तिला टोपलीत घालून, अंडी जुन्या लुगड्यात गुंडाळून मावशी रेल्वेनं परभणीला माझ्याकडे आली. "पिल्लं निघंस्तोर ठेव." गॅलरीत आम्ही पोतं अंथरून जागा केली, पण कोंबडी पुन्हा बसलीच नाही. मावशी गावी परतली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"बसली का गं?"

"नाही."

"थंड झाली असतील आता... बरं."

त्यानंतर ती शेडात राबली. रोज सकाळी मेलेली पिल्लं वेचून खड्ड्यात टाकायची. करमतं का, असं मी एकदा विचारलं. "काम हाय, करायलेय. पर वळख होत न्हाई बघ. वळख व्हायच्या आत त्यांना न्यायला कंपनीची गाडी येती."

जेवताना शेवटचा घास चुरून दारातून अंगणात टाकायची तिला सवय होती. कोंबड्या गेल्यावरही ती टाकतच राहिली. गेल्या आठवड्यात मी पिंगळीला गेले. जेवणं झाल्यावर संतोषच्या बायकोनं, मीनानं, तसाच भाकरीचा चुरा बाहेर टाकला. टाकला आणि तिथंच थांबली. अंगणात कुणीच आलं नाही. आम्ही तिघं बघत राहिलो... मग ती खराटा घ्यायला वळली, तसा संतोष म्हणाला, "राहू दे."