गालावरचा गेरू

डेल्फीनने हात वर केला की खोदकाम थांबे. का, असं कुणी विचारायचं नाही. सॅलिश आदिवासींच्या त्या बेटावर एकोणीस वर्षांपूर्वी तिने, त्यांच्यातल्याच एकीने, पुरातत्त्ववाल्यांकडून हे लिहूनच घेतलं होतं. त्याआधी हे शहाणे पूर्वजांची हाडं खोक्यांत भरून नेत आणि वर तिलाच तिचा इतिहास शिकवत! आता त्यांची प्रमुख इन्ग्रिड रोज सकाळी मुकाट्याने तोंड पुढे करी आणि डेल्फीन तिच्या गालांना गेरू लावी. पूर्वजांजवळ जायचं तर गेरू हवाच, तो असला की ते माणसाला आपल्याकडे ओढत नाहीत. पोटुशी बाईने मात्र गेरू लावूनही तिकडे फिरकायचं नाही. पूर्वजांना एकटं वाटतं, ते बाळाला सोबतीला बोलावतात.

त्या दिवशी वादळ येत होतं. लाटांनी चार दिवसांपूर्वी किनारा पोखरून एका बाईचं थडगं उघडं पाडलं होतं आणि दुपारच्या भरतीत ते वाहून जाणार होतं. कामाला इन्ग्रिड, डेल्फीन आणि तिची नात कोरिन, एवढीच माणसं. सकाळपासून एकही पक्षी ओरडला नव्हता. डेल्फीनला ते बरं वाटत नव्हतं.

जेवताना तिने सुका साल्मन मासा पुढे केला. कोरिन तोंड दाबून झुडपाआड पळाली.

"कितवा महिना?" ती परतल्यावर डेल्फीनने विचारलं.

"काहीतरीच काय, आजी!"

"मला शिकवतेस? तुझ्या आईला मी जन्म दिलाय."

"तिसरा," कोरिन पुटपुटली. "सांगितलं असतं तर तू मला हाकललं असतंस. मग त्या थडग्यातल्या बाईला उचलणार कोण होतं?"

"किती दिवस हात लावतेयस तिला?"

"चार."

डेल्फीनने हात वर केला. पाणी थडग्याला टेकत होतं, तरी इन्ग्रिडने थापी खाली ठेवली. काही विचारलं नाही.

कोरिनला घरी पिटाळून डेल्फीन दुखऱ्या गुडघ्यांनी खड्ड्यात उतरली. त्या बाईचा हात कुशीत काही धरल्यासारखा वळला होता. कूस रिकामी होती.

"सोबत हवी ना तुला?" डेल्फीन हळूच म्हणाली. "मी येते. माझ्या पोरीकडे बघू नकोस."

आणि तिने बाहीने आपल्या गालांवरचा गेरू पुसून टाकला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच इन्ग्रिडने विचारलं, "का गं, डेल्फीन?"

"तू पायाकडून धर," डेल्फीन म्हणाली. "पाणी आलं."