फाटक्या कोपऱ्याचं हॉटेल

पाटणच्या बाजूला आमचं गाव. मालक फौजेत, आणि लढाई कुठल्या मुलखात चाललीय ते इथं कुणालाच धड सांगता यायचं नाही. एके दुपारी टपालवाला एक रंगीत कार्ड देऊन गेला. त्याचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मयताच्या पत्राचाच कोपरा फाडतात. सासूबाईंनी कार्ड टाकून दिलं, हंबरडा फोडला आणि माझे हात धरून बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. वाचायचं कुणाला सुचतंय? मी एकोणीस वर्षांची. मनगटाला काच लागलेली मला संध्याकाळी कळली.

रडणं ऐकून शाळेचे मास्तर आले. कार्ड उचलून वाचलं आणि खेकसले, "अहो, मुलगा जिवंत आहे. आधी वाचून तरी घ्यायचं." ठावठिकाणा कळवायची फौजेत मनाई असते म्हणे. कार्डावर एका हॉटेलाचं चित्र होतं. त्याखाली नाव छापलेलं असणार, तेवढा कोपरा कुणीतरी काढून टाकला होता.

आता हॉटेल म्हणजे माझ्या माहेरी, सांगलीत, दोन बाकडी, चहा आणि कळकट बरणीतला चिवडा. हे तर चार मजली, दारात खजुराची झाडं, खिडक्या मोजता येईनात. बड्या गोऱ्या लोकांनी उतरायची जागा, लढाईत तिचा दवाखाना केलेला. मालकांनी आईला लिहिलं होतं, "पायाला गोळी लागली, पन काळजी नसावी. माझी खाट नाचायच्या दालनात हाय, वर काचेची झुंबरं. नळाला गरम पानी येतं. फुली मारलेल्या खिडकीत मी दिवसभर बसतो. लढाई सरली की घरात हे दाखवीन."

घरात म्हणजे मला. बायकोला सरळ लिहायची तेव्हा रीत नव्हती. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, मला वाटतं मुद्दामच.

कासाराकडून पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या. सासूबाईंवरचा राग मात्र गेला नाही, कितीतरी दिवस मी तुटकच बोलत होते. दुपारी कामं उरकली की कार्ड घेऊन बसायची आणि त्या खिडकीत मालकांशेजारी स्वतःला उभी करायची. नऊवारी लुगड्यात, डोईवर पदर घेऊन. लय लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

मग सरकारी पाकीट आलं. सासूबाई चुलीपाशीच थिजल्या. "आधी कोपरा बघ गं," म्हणाल्या. चारी कोपरे शाबूत होते. मी त्यांना दाखवले, पाकिटाला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवलं आणि हसतच शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी वाचलं. मग ते कागदाची नुसती घडी घालत राहिले.

जखम चिघळून मालक तिथंच गेले, त्याच हॉटेलात.

आता ते पुन्हा उघडलं असेल. त्या खिडकीत कुणी पाहुणा चहा घेत बसला असेल. मालकांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आणि हॉटेलाचं मला ठाऊकच नाही. कुठं म्हणून विचारू? एकदा त्या खिडकीत उभं राहायचं होतं मला.