जर्मन भांडवल आणि सोलापुरी टॉवेल

म्युलर साहेबांना घेऊन पहाटे पुण्याहून निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत दोन शब्दकोश होते आणि सोलापूरची माहिती शून्य. साहेब एका जर्मन गुंतवणूक कंपनीचे. टॉवेलशी त्यांचा संबंध अंघोळीपुरता. सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात भांडवल घालायचं की ते व्हिएतनामला न्यायचं, हे आज ठरणार होतं. मी दुभाषी. मोहोळ येईपर्यंत साहेबांनी तीनदा बजावलं, भाषणं नकोत, चालू कारखाना बघायचाय.

पोहोचलो तर कारखाना चिडीचूप. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून मालक अंबादासशेठनी मोठ्या प्रेमाने सगळे माग बंद ठेवले होते. स्वतः फेटा बांधून दारात उभे, कामगार नवे कपडे घालून मांडवात. साहेब माझ्या कानात म्हणाले, यांच्याकडे काम नाही वाटतं. मला घामच फुटला. भांडवल आलं नाही तर दुसरी पाळी बंद करावी लागेल, असं शेठनी मला फोनवर सांगितलं होतं.

मग सत्कार. भर एप्रिलात साहेबांच्या अंगावर जाड चादर पडली, खांद्यावर कोरा टॉवेल. पाठोपाठ जेवण, कडक भाकरी (पापडासारखी कुरकुरीत) आणि शेंगाचटणी. जपून खा, हे मी जर्मनमध्ये जुळवेपर्यंत चमचाभर चटणी आत गेली होती. साहेब लालबुंद झाले, डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि सत्काराच्या टॉवेलने पुसू लागले. पुसतात कसले, पाणी नुसतं इकडचं तिकडे होत होतं. साहेबांनी आधी टॉवेलकडे पाहिलं, मग शेठकडे. शेठचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात शिलाई विभागातल्या सुमनबाई उठल्या.

"नवा टावेल पानी पीत न्हाय, सायेब. तीनदा धुवावा लागतो की."

त्यांनी आपल्या खांद्यावरचा विटलेला टॉवेल पुढे केला. साहेबांनी त्यात तोंड टेकवलं, ते कोरडं होऊनच वर आलं. कुठला, किती जुना, असं मी त्यांच्या वतीने विचारलं. हितलाच, चार वर्सं झाली, म्हणाल्या. साहेबांना तो कंपनीत दाखवायला न्यायचा होता. बदल्यात सहा नवे देऊ केले.

"न्हाय वो," सुमनबाई म्हणाल्या. "ह्यो आत्ता कुटं हाताला बसलाय."

साहेब मनापासून हसले आणि म्हणाले, आता माग चालू करा. नवे कपडे घातलेले कामगार तसेच कामाला लागले. तासाभरात शेठच्या फेट्यावरही कापूस बसला होता.

परतताना माझा जीव टांगणीला. मोहोळ ओलांडल्यावर म्हणाले, फोन लावा. भांडवल देतो, पण माल धुऊनच बाहेर पडला पाहिजे. मी शेठना फोन लावला. पलीकडे नुसता खडखडाट.

"ताई, ऐकू येत नाही. माग चालू आहेत."

मी तीनदा ओरडून सांगितलं. हळूहळू आवाज मागे पडला. शेठ बाहेर आले असावेत. त्यांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या पाळीला सांगू का, ताई?"

सांगा म्हटलं, आणि माझेच डोळे भरून आले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे होकार-नकार इकडून तिकडे पोहोचवते, पण असा आनंद कधी झाला नव्हता. सत्काराचा एक टॉवेल मलाही मिळाला होता. गाडीत त्यानेच डोळे पुसले. ओले ते ओलेच राहिले.