पेंग्विनअक्काच्या बारा बाटल्या

माझ्या चुलत बहिणीला सगळं घर पेंग्विनअक्का म्हणायचं, आणि तिनं आयुष्यात एकाही पेंग्विनकडे धड पाहिलं नव्हतं. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावर दोनदा जाऊन आली, ती बाटल्यांत पाणी भरून आणायला. नळाच्या पाण्यासाठी चार-चार दिवस थांबणाऱ्या आम्हां सोलापूरकरांना याचं लई नवल.

इथल्याच एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. घोटभर पाण्यातही तिला गर्दी दिसे. हुरडा खाता खाता सांगायची, त्या गारठ्यात जिवाणू मारायचं मोठं काम विषाणूंचं. जिवाणू फुटला की आतलं सांडतं, त्यावर बाकीचे जगतात. करोनात शेजारच्या काकूंनी तिच्याकडचा चहा बंद केला. ही म्हणाली, "माझे विषाणू माणसाला विचारतसुद्धा नाहीत की, काकू." काकूंनी तरी कप लांबच ठेवला.

तिचा जीव अडकला होता वेगळ्याच विषाणूंत. ते जिवाणूला मारत नाहीत, त्याच्या आत गुपचूप राहतात. ध्रुवावरचा महिनोन्‌महिन्यांचा काळोख सरून उजेड परतला, जिवाणू वाढीला लागले, की हे जागे होतात, असा तिचा कयास. शेवटच्या सफरीतल्या बारा बाटल्या तिनं अंधारात, गारठ्यात, जिवंत ठेवल्या होत्या. आता फक्त दिवा लावून बघायचं होतं. "बसू," ती मला म्हणायची, "आत कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही." तिच्या स्वतःच्या छातीतली गाठ काढून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मे महिन्यात ती तपासणीला पुण्याला निघाली. कॉलेजात वीज सारखी जायची, माझ्या लस्सीच्या दुकानात जनरेटर. म्हणून बाटल्या आठ दिवस माझ्या दुधाच्या फ्रिजमध्ये, काळ्या कापडात. ऊन असं की फ्रिजच धापा टाकत होता. मला बाटल्यांची दया आली. बर्फातली लेकरं ती, इथं कशी तगणार? उचलून आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक कुल्फी खाल्ली.

अक्का आली, झाकण उघडलं. दोन बाटल्या तडकलेल्या, बाकीच्या दगड. तिथला समुद्र बर्फाखाली पाणीच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजात नेऊन, वितळवून तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि संध्याकाळी दुकानात आली. "फुटलेत सगळे," एवढंच म्हणाली. मग बाकावर बसत, "गाठ परत आलीय, बसू. आता मला बोटीवर कोण घेतंय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लस्सी मागितली, अर्धी प्यायली आणि हाताखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला फोन लावला. माझ्याकडे बघतच म्हणाली, "जनरेटर बिघडला रे."

दिवाळीच्या आधी ती गेली. कॉलेजातल्या शोकसभेत तोच विद्यार्थी उभा राहून म्हणाला, त्या दिवशी जनरेटर बिघडला नसता तर मॅडमना उत्तर मिळालं असतं. सगळे हळहळले. त्या अख्ख्या उन्हाळ्यात माझा जनरेटर पहिल्या खटक्यात सुरू होत होता.

बाहेर चपला शोधताना त्यानं माझा हात धरला. "काका, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नाही."

मी मान डोलावली.