जीपपाशी कोण थांबणार

धायरी महापालिकेत गेली त्या सुमाराला गावात जमिनीचा पैसा आला आणि त्यामागोमाग गाड्या आल्या. कुणी मोटारसायकल घेतली, कुणी पांढरीशुभ्र मोटार दारात आणून उभी केली. जयसिंग पोकळ्यांनी मात्र वावराचा एक तुकडा बिल्डरला दिल्यावर लिलावातली जुनी जीप आणली. कापडी टपाची, चारही चाकांनी चिखल ओढत जाणारी. भाऊबंद म्हणाले, "हिला घेऊन लढाईला निघाला का काय?"

जयसिंगना जायचं होतं ते पानशेतच्या पलीकडच्या डोंगरात. त्यांचं आजोळ तिकडचं. वरच्या वाड्यांवर एसटी पोचत नव्हती. बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणायचं आणि मग मिळेल त्या वाहनाची वाट बघत बसायचं. जीप आल्यावर ती वाट बघणं बंद झालं. वाडीवरून निरोप आला की जयसिंग हातातलं काम टाकून निघत. मागच्या बाजूला जाड दोर, चाकाखाली घालायच्या फळ्या, फावडं, बांबूचं स्ट्रेचर, दोन कांबळी हे सामान कायम असे. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

एका सकाळी गोठ्यात धार काढता काढता जयसिंग कोसळले आणि गेले. दिवसकार्य उरकलं तसा मुलगा तेजस म्हणाला, "आई, जीप विकून टाकू." तो तेव्हा नुकताच हिंजवडीला कंपनीत लागला होता. मुक्ताबाईंनी कात्रजच्या गॅरेजवाल्या पोपट मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि उरलेल्या वावरात जीप चालवायला शिकल्या. नऊवारी नेसलेली चाळिशी उलटलेली बाई गियर टाकते आहे, हे बघायला बांधावर माणसं उभी राहत. "वहिनी, रणगाडा कधी शिकताय?" असंही कुणी विचारी. महिना-दीड महिन्यानं त्या पानशेतच्या घाटवाटेनं वर गेल्या आणि एका म्हाताऱ्याला घेऊन खाली आल्या. मग कुणी काही विचारलं नाही.

गाव मात्र झपाट्यानं बदलत होतं. ज्याच्या त्याच्या घरावर भाड्याच्या खोल्या चढल्या. कुठकुठली माणसं राहायला आली, गेली. कोण कुणाचं हे कळेनासं झालं. एकदा जीपची स्टेपनी गेली. मग डिझेलचा कॅन गेला. कापडी टपाला कुलूप तरी कुठं लावणार? तेजसनं हौसेनं अलार्म बसवून दिला. मांजर बॉनेटवर उडी मारायचं आणि सगळी आळी जागी व्हायची. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनीच त्याची वायर काढून टाकली. मुक्ताबाईंनी मग जीप घराच्या आणि दिरांच्या भिंतीच्या मधल्या बोळात, रस्त्यावरून दिसणार नाही अशी लावायला सुरुवात केली. पुढच्या चाकाला साखळी घातली. आता नजरेआड आहे, म्हणजे सुखरूप आहे, असं त्या धरून चालल्या.

श्रावणात वाडीवरून सोजरबाईचा फोन आला. सोजरबाई म्हणजे वाडीची सुईण. स्वतःचीच सून, राधा, अडली होती. "मुक्ते, मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. लगीच ये."

दुपारची वेळ होती. मुक्ताबाई जेवत्या ताटावरून उठल्या. खडकवासला मागं पडलं, पानशेत मागं पडलं. वाडीच्या अलीकडच्या ओढ्यात पाणी होतं, पण ते त्यांच्या ओळखीचं होतं. गियर बदलून त्यांनी जीप आत घातली. पलीकडच्या काठावर मागचं चाक घसरलं, जीप कलली आणि चिखलात बसली. असं पूर्वीही झालं होतं. भातखाचरातली माणसं धावत आली. मुक्ताबाई उतरल्या, मागं गेल्या आणि म्हणाल्या, "फळ्या काढा, दोर काढा."

मागं काही नव्हतं.

दोर नव्हता, फळ्या नव्हत्या, फावडंसुद्धा नव्हतं. एका कोपऱ्यात तेवढं स्ट्रेचर पडलं होतं. टपाचं कापड भिंतीकडच्या अंगाला खालून वरपर्यंत सरळ कापलेलं होतं आणि कडा आत दुमडून ठेवलेल्या होत्या. बोळात ती बाजू कधी दिसायचीच नाही.

माणसांनी हातानं माती उकरली, दगड लावले, खांदे लावले. शेवटी पलीकडच्या गावातून ट्रॅक्टर आणला, तेव्हा जीप निघाली. वाडीवर पोचेपर्यंत ऊन कलतीला आलं होतं. राधाला त्यांनी दवाखान्यात पोचवलं आणि राधा वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. सोजरबाईनं त्याला आपल्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलं होतं. ती मुक्ताबाईंना एवढंच म्हणाली, "तू तरी काय करशील." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं मुक्ताबाईंना वाटलं. निघण्यापूर्वी मागं एकदा डोकावून बघायला किती वेळ लागला असता?

घरी आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या. कोणी नेलं, एवढा एकच विचार. आणि विचार करता करता त्यांची नजर वरच्या भाड्याच्या खोलीवर गेली. तिथं नागोराव राहत होते, वाशीमकडचे. एका सोसायटीच्या गेटवर पहारेकरी होते, बहुतेक रात्रपाळीला. बायको द्वारका आणि दोन मुली. माणसं निमूट, पण परमुलखातली. दिवसा घरी असणारा पुरुष आळीत तेवढाच एक. बस, मुक्ताबाईंना तेवढं पुरलं.

"माझ्या गाडीतला दोर कुठाय?" त्यांनी अंगणातून हाक दिली. बोलता बोलता आवाज चढला, माणसं जमली. नागोराव जिन्यावरून खाली आले. त्यांनी वर जाऊन पत्र्याची पेटी आणली, अंगणात ठेवली आणि उघडली. गोणी आणली, ती ओतली. मुलींची दप्तरं आणली.

"पाहून घ्या, काकू," ते म्हणाले. "सगळं पाहून घ्या. मंग आमी जातो."

आणि मुक्ताबाईंनी पाहिलं. सगळ्या आळीसमोर खाली बसून त्यांनी साड्या उलथ्यापालथ्या केल्या, डबे उघडले. द्वारका दारात उभी होती. सापडण्यासारखं काहीच नव्हतं. संध्याकाळच्या आत त्या चौघांनी खोली सोडली.

मग मुक्ताबाईंनी जीपचा किल्ला केला. पोपट मिस्त्रींनी जाड पत्र्याची पेटी बनवली, ती खालून चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जोडली आणि बोल्टांची डोकी वितळवून टाकली. कुलूप आतल्या खोबणीत बसवलं, करवत पोचू नये म्हणून. बॅटरीचा प्रवाह तोडायचं एक बटण सीटखाली दडवलं. स्टेपनीला साखळी घातली. मिस्त्री काम संपवून म्हणाले, "वहिनी, आता तुम्हालाच उघडायला जड जाईल." मुक्ताबाई हसल्या नाहीत. पेटीत ठेवायला नवा दोर घ्यायचा होता, म्हणून त्या धायरी फाट्यावरच्या भंगारवाल्याकडे गेल्या. जुना, चांगला दोर तिथं कधी कधी मिळायचा.

मिळाला. त्यांचाच. दोन्ही टोकांना जयसिंगनी तांब्याची तार गुंडाळली होती, दोर उसवू नये म्हणून. ती तार त्यांच्यासमोरच गुंडाळली गेली होती.

"कुणी दिला हा?"

भंगारवाला म्हणाला, "तुमच्याच घरचा ना तो? ऋषी पोकळे. फळ्यापण दिल्या होत्या, त्या गेल्या."

ऋषी म्हणजे दिरांचा मुलगा. भिंतीच्या पलीकडचा. संभाजी भावजींनी जमीन विकून त्याला दुकान काढून दिलं होतं, ते बुडालं होतं. मुक्ताबाई दोर खांद्यावर टाकून सरळ दिरांच्या ओसरीवर गेल्या. ऋषी खाटेवर बसला होता. दोर बघून तो उठला नाही.

"काकी, पडूनच असतं ते सगळं," तो म्हणाला. "म्हटलं, कुणाला लागतंय."

संभाजी भावजींनी त्याच्या थोबाडीत मारली. मुक्ताबाई म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या. त्यानं काय हुतंय आता." मग ऋषीकडे वळून त्यांनी त्याला ओढ्यातली ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, लुगड्याच्या घडीसकट. तो खाली मान घालून ऐकत राहिला. पुढं त्याचं काय झालं ते गावाला ठाऊक आहे. तो सुधारला असं कुणी म्हणत नाही. पण त्यांच्या घराचं बोळात उघडणारं दार त्यानं पुन्हा उघडलं नाही.

मुक्ताबाईंना ओसरीवरून घरापर्यंतचं अंतर त्या दिवशी फार वाटलं. चोर भिंतीपलीकडचा, रक्ताचा. आणि पेटी उघडायला लावली ती परक्याला.

नागोराव कुठं राहतात हे शोधायला वेळ लागला नाही. नऱ्ह्याला खोली घेतली होती. मुक्ताबाई आधी त्यांच्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. नागोराव गणवेशात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं सोडा, काकू," ते म्हणाले. "मी रोज लोकायच्या पिशव्या तपासतो. कधी मलेबी तपासलं, त्याचं काय. द्वारकाशी बोला."

द्वारका नऱ्ह्याच्या खोलीच्या पत्र्याच्या दारात ज्वारी निवडत बसली होती. मुक्ताबाई तिच्यापुढं जमिनीवरच बसल्या. "चुकले बाई मी. सगळ्यांसमोर चुकले, सगळ्यांसमोर पाया पडते. चल खोलीवर परत."

"परत नाई येनार," द्वारका म्हणाली. सूप बाजूला ठेवून तिनं चहा केला, कप पुढं केला. मग विचारलं, "ते लेकरू गेलं, खरंच?"

"गेलं."

द्वारकानं पदर तोंडाला लावला. तिचंही एक असंच गेलं होतं, गावी असताना, बैलगाडीत.

मुक्ताबाईंनी अंगणात, त्याच आळीसमोर, द्वारकाचं नाव घेऊन चूक कबूल केली. द्वारका खोलीवर आली नाही ती नाहीच. पण पुढच्या वेळी वाडीवरून निरोप आला तेव्हा मुक्ताबाई नऱ्ह्यावरून गेल्या. जीप वाडीच्या पायथ्याला ठेवून वर चालत जावं लागे आणि आता तिथं शहरातली सहलीची पोरं येऊ लागली होती. परतल्यावर कधी आरसा नसे, कधी दिवा. पेटी शाबूत असली तरी जीपला हात लागायचाच. "बसशील का गाडीपाशी?" त्यांनी विचारलं. द्वारकानं मुलींना शेजारी सोडलं आणि चप्पल घातली.

पुढं कितीतरी वर्षं असंच चाललं. मुक्ताबाई वर जायच्या, द्वारका खाली जीपपाशी, मांडीवर काठी घेऊन. कुणी आलं की ती त्यांच्याकडे नुसती बघायची. तेवढ्यावर भागायचं. पोपट मिस्त्रींची पेटी त्या दिवसांत बहुतेक उघडीच असायची, सामान पटकन हाती यावं म्हणून.

एकदा वाडीवालेच आजाऱ्याला खाली आणणार होते, त्याला उशीर होता, म्हणून दोघी जीपमध्ये शेजारी बसल्या होत्या. समोर धरणाचं पाणी मागं हटलेलं होतं. द्वारका एकाएकी म्हणाली, "पेटी उघडली, साड्या पाहिल्या, त्याचं मले आता काई नाई. पन देवाच्या डब्यात हात घातला होता तुमी."

मुक्ताबाईंना ते आठवतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "घातला असंल."

"घातला होता."

वरून हाक आली. स्ट्रेचर दिसू लागलं होतं. मुक्ताबाईंनी सीटखाली हात घालून बटण लावलं, आणि द्वारका उतरून मागचं कापड वर धरायला गेली.