ठमीचं बाळंतपण

मावशी कुणालाही हात लावण्याआधी दोन्ही तळवे खसाखसा चोळायच्या, स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मगच पुढे करायच्या. "गार हात कुणाला लावू नये गं," हे वर. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी हात पुढे करून उभी आणि या बाई आपल्या तळवे चोळतायत. मला वाटलं, शेकहँड करायचा की नमस्कार, हेच यांचं ठरत नाहीये.

त्यांना सगळे मावशीच म्हणायचे. खरं नाव मला फार उशिरा कळलं आणि ते इथे सांगून उपयोग नाही. त्या नावाला त्यांनी ओ दिली नसती.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बाहेर, बस जिथून परत फिरते तिथून थोडं चालत गेलं की त्यांच्या मुलाचा फार्म लागतो. मी नवऱ्याबरोबर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इकडे आले आणि हौसेनं कुंडीत कढीपत्ता लावला. तो इथल्या हवेवर रुसून बसला. ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं, अल्पाकाच्या लेंड्यांचं खत घाल, त्या फार्मवर मिळतं. अल्पाका म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका, मलाही नव्हतं. उंटाची मान, मेंढीची लोकर आणि चेहऱ्यावर भाव असा, की आपणच काहीतरी वेडंवाकडं बोललोय. गेले तर गेटपाशी वेलिंग्टन बूट, सुती सलवार-कमीज आणि वर मुलाचं जुनं फ्लीसचं जॅकेट घातलेल्या मावशी. मराठी ऐकल्यावर त्यांनी आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खत भरून दिलं आणि तशाच दुसऱ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. "डबे सारखेच आहेत, बघून उघड हो," एवढीच सूचना.

तेव्हापासून माझे शनिवार तिकडेच जायला लागले.

त्यांचा मुलगा नील, म्हणजे माझा नीलदादा, इथेच जन्मला, इथेच शिकला. लंडनमधली चांगली नोकरी सोडून तो अल्पाका पाळणार म्हणाला तेव्हा मावशींनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. "अरे, गाय घे, म्हैस घे, निदान चहापुरतं दूध तरी मिळेल. या उंटिणींचं मी काय करू?" पण फार्मवर पहिलं पिल्लू जन्मलं आणि बाई विरघळल्या. काका, म्हणजे मावशींचे यजमान, गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. आता त्याच सगळ्यांच्या आधी उठून गवत टाकायला जायच्या.

सगळ्यात लाडकी ठमी. कागदोपत्री तिचं नाव डचेस-बिचेस काहीतरी होतं. तपकिरी, तापट आणि थुंकण्यात पटाईत. अल्पाका चिडली की थुंकते, तेही हिरवंगार, अर्धवट चघळलेलं गवत. ती नीलदादावर थुंकली, व्हेटवर, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरवर थुंकली, माझ्या नव्याकोऱ्या जॅकेटवर तर मन लावून थुंकली. मी वैतागले की मावशी म्हणायच्या, "स्वभाव असतो एकेकीचा. माझ्या सासूबाई काय कमी होत्या?"

तर ही ठमी पहिलटकरीण. अल्पाका जवळजवळ वर्षभर पोटुशी असते. ठमीचं वर्ष भरत आलं तरी काही लक्षण दिसेना, तेव्हा मावशींनी कुंपणाशी कॅम्पिंगची खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं. चहाचा थर्मास तिथे, मटार सोलणं तिथे, पुण्याच्या बहिणीशी फोनवर गप्पा तिथेच. एकदा तर चक्क डोहाळजेवण केलं. ठमीच्या गळ्यात हिरवी ओढणी आणि पुढे गाजरांचं ताट. ठमीनं गाजरं सोडून ओढणीच खायला घेतली. नीलदादानं डोक्याला हात लावला. "आई, ती माणूस नाहीये!" "दिवस भरलेली बाई आहे," मावशी म्हणाल्या आणि तिच्या तोंडातून ओढणी ओढायला लागल्या.

जूनचा एक शनिवार होता, पण जून आपला नावाला. पाऊस पिरपिरत होता आणि गारठा अंगात शिरत होता. नीलदादा कुणाचा तरी ट्रेलर परत द्यायला गेला होता. जाताना बजावून गेला, "आई, काही झालं तर फोन कर. बाळाला फक्त टॉवेलनं पूस. बाकी काही करू नको, प्लीज."

तो गेला आणि ठमी अस्वस्थ झाली. अल्पाका ओरडत नाहीत, नाकातल्या नाकात गुणगुणतात. ठमीचं गुणगुणणं वाढलं तशा बाकीच्या माद्या तिच्याभोवती गोळा झाल्या. ती उभीच होती. आधी इवलंसं नाक दिसलं, मग दोन पाय, आणि बघता बघता पिल्लू ओल्या गवतावर. ठमीनं ते हुंगलं, त्याच्याशी गुणगुणली. मावशी उघड उघड रडत होत्या.

आता टॉवेलनं पुसून थांबायचं होतं. पण पिल्लू पावसात थरथरत होतं, आणि समोर थरथरतं बाळ असताना मावशी थांबतील? त्यांनी ते उचललं आणि थेट स्वयंपाकघरात आणलं. तिथे तिळाचं तेल, बेसन, साय, ओव्याची धुरी, सगळं मांडून तयार! हे आजचं नव्हतं तर. त्यांनी हात चोळले, गालाला लावले, आणि त्या पिल्लाला टाळूपासून खुरांपर्यंत तेल लावलं. मग बेसन, मग ऊन पाणी. मी हेअर ड्रायर धरला. ते पोर माझ्या मांडीवर मान टाकून असं काही झोपलं, की मीच मनात म्हटलं, मला कुणीतरी असं न्हाऊ घाला रे.

कोरडं, गुबगुबीत पिल्लू आम्ही थाटात ठमीकडे नेलं. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि त्याच्यावर थुंकली.

पिल्लू लटपटत तिच्यामागे गेलं, ती बाजूला झाली. ते पोटाखाली शिरायला गेलं, तिनं पाय झाडला. मावशी "अगं, तुझंच आहे, तुझंच आहे" म्हणत राहिल्या. तेवढ्यात नीलदादा आला आणि त्याला काय झालंय ते एका नजरेत कळलं.

"आई, काय केलंस तू? ती वासावरून ओळखते. वास सगळा गेला ना आता!"

तो व्हेटला फोन लावायला लागला. आईचं पहिलं दूध, आपण चीक म्हणतो ते, पहिल्या काही तासांत पोटात गेलं नाही तर हे पिल्लू टिकणं अवघड, हे तोच मला नेहमी सांगायचा. व्हेट लांब कुठेतरी अडकला होता.

मावशी पालथ्या बादलीवर बसल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नील झाला तेव्हा माझी आई येऊ शकली नाही. हॉस्पिटलातून घरी आले तर थंडगार घर आणि टोस्ट. यांना बिचाऱ्यांना तेवढंच करता यायचं. नीलला मी स्वतःच तेल लावलं, पुस्तकात बघून बघून. पण मला कुणी लावलं नाही गं. पाठ इतकी दुखायची..."

आणि त्या मधेच थांबल्या.

"अगं बाई! बाळाला लावलं आणि बाळंतिणीला विसरले!"

तेलाची वाटी पुन्हा कोमट झाली. नीलदादा "आई, नको" म्हणतोय, पण दुसरा उपाय त्याच्याकडेही नव्हता. त्यानं ठमीची मान धरली. मावशींनी हात चोळले, गालाला लावून बघितले आणि ठमीच्या नाकाला, मानेला, पाठीला, कासेभोवती तेच तेल चोळलं. ठमी त्यांच्या तोंडावर थुंकली. "थुंक बाई, थुंक. तुझा हक्कच आहे," म्हणत त्या हिरव्या चेहऱ्यानं तेल चोळत राहिल्या. हळूहळू ठमीचे ताठ कान खाली आले. मग मी पिल्लू पुढे केलं.

ठमीनं ते हुंगलं. स्वतःचा खांदा हुंगला. पुन्हा पिल्लू हुंगलं. आणि गुणगुणली.

पिल्लू पोटाखाली शिरलं, तोंडानं चाचपडलं आणि पचपच आवाज यायला लागला. नीलदादा कुंपणाला टेकून रडत होता आणि हसतही होता. नंतर डोळे पुसत म्हणाला, "पण आई, बाळाची पहिली लोकर गेली. सगळं तेल."

"जाऊ दे. जावळ कुणी विकतं का?" मावशी म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या.

पुढच्या थंडीत मला मुलगी झाली. माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिला येणं शक्यच नव्हतं. मी फोनवर रडले ते मावशींना नवऱ्याकडून कळलं असावं. त्या पिशवी घेऊन दारात हजर. सव्वा महिना रोज बस धरून आल्या. मी बाळाला पुढे केलं की म्हणायच्या, "आधी तू. आता नाही मी चुकायची." त्यांचे ते ऊन तळवे पाठीवरून फिरायचे आणि मी उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडायची. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

वसंतात मावशी गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला काही करायला न लावता. मला त्यांचा रागच आला. अजूनही येतो.

जूनमध्ये नीलदादाचा फोन. "ठमीचे दिवस भरलेत. येतेस का? आईची खुर्ची तिथेच आहे. रिकामी बघवत नाही."

लेकीला तेल लावून, न्हाऊ घालून, तिला घेऊन गेले. दुपारच्या आत ठमी सुटली. ऊन छान होतं, पिल्लू आपोआप वाळलं. कुणी त्याला हात लावला नाही. सगळं नीलदादाच्या नियमाप्रमाणे पार पडलं. पिल्लू पिऊन झोपलं तशी ठमी उठली आणि सरळ कुंपणाशी, माझ्याकडे आली. मी जॅकेट सावरलं. पण तिनं माझ्या हातांना नाक लावलं. तिळाच्या तेलाचा वास होता ना त्यांना. ती हुंगत राहिली, गुणगुणली, आणि मग मान उंच करून माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली.

दारातून कुणी आलं नाही. ती बघतच होती.

मी तळवे खसाखसा चोळले, गालाला लावून बघितले आणि तिच्या मानेवर ठेवले.

हात गार नव्हते हो, मावशी.