कुल्फीशेजारचा डबा

डबा उघडला तर तळाशी भुरकट पूड पडलेली. बोटानं सारली, तशी त्यात बारीकशी अळी हलली. कसर लागली होती.

मी माश्या बांधते. म्हणजे छोट्या गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं दिसणारं आमिष बनवते. मासा मात्र कधी धरलेला नाही. आमच्या घरात रोज इष्टलिंगाची पूजा होते, अंडंसुद्धा येत नाही. व्हिडिओ बघून हा छंद लागला. फोनवरच्या गटात आम्ही आठ जण आहोत, कुणी हिमाचलात, कुणी केरळात. कुणी कुणाला भेटलेलं नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

अदलाबदल मी सांभाळते. प्रत्येकानं एकाच प्रकारच्या आठ माश्या आमच्या गावी, पालमला पाठवायच्या, मी प्रत्येकाला सगळ्यांची एकेक लावून परत पाठवायची. शेवटचं पाकीट येईपर्यंत कुणालाच काही जात नाही. या वेळी गटातल्या केरळच्या आजोबांचं पाकीट राहिलं होतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि थांबायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तोवर सगळ्यांची मेहनत माझ्या डब्यात. कुणीतरी कोंबड्याची पिसं न धुताच वापरली होती. त्याच्या तीन माश्यांचे नुसते गळ उरले होते.

उपाय एकच, अळ्या मरायला डबा आठवडाभर गोठवायचा.

“अंडं येत न्हाई घरात, अन् तू कोंबडीची पिसं फ्रीजात ठेवायलीस?” आईनं फ्रीजला पाठ लावली. “बाहेर काय करायचं ते कर.”

कोपऱ्यावर थंड पेयांचं दुकान आहे. दोनदा पुढून गेले, तिसऱ्यांदा आत शिरले.

“माशा?” दुकानवाले काका हसले. “आमच्याकडं काय कमी हायत व्हय? ठेव कुल्फीशेजारी. कुणी मागितलाच तर काय भावानं देऊ?”

माझे कान तापले. डबा तसाच पुढे केला.

त्यानंतर घरी बसवेना. पंखा थांबला की वाटायचं, तिकडे फ्रीजरही थांबला. उगाच जाऊन कुल्फी घ्यायची, काका फ्रीजर उघडत तेवढ्यात डबा बघायचा. “रोज कुल्फी खायलीस, घसा बसंल,” आई म्हणायची.

एके दिवशी सकाळी गेलेली लाईट दुपार झाली तरी आली नाही. मी चपला अडकवून धावले. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती आणि काकांचा हात फ्रीजरच्या झाकणावर होता.

“काका, उघडू नका!”

सगळे वळून बघायला लागले. एवढा मोठा आवाज मी शाळेतही कधी काढला नसेल. काकांनी हात मागे घेतला. मागून दोन पोती आणून फ्रीजरवर टाकली.

“आता लाईट आल्याबिगर कुल्फी न्हाई,” ते गिऱ्हाइकांना म्हणाले. “आत पोरीचा लय नाजूक माल हाय.”

आठवडा भरल्यावर एकेक माशी पांढऱ्या कागदावर झटकली. पूड पडली नाही. हललंही काही नाही. ज्याच्या तीन माश्या गेल्या होत्या, त्यानं नव्या बांधायला घेतल्या, या वेळी पिसं धुऊन.

मग आजोबांचं पाकीट आलं. पत्त्याची अक्षरं मोठमोठी, ओळीतून घसरलेली. फोडून बघायला हात शिवशिवत होते. पण नको, आधी थंडीत. तसंच घेऊन दुकानाकडे निघाले.

“आता हे कुणाचं?” काकांनी विचारलं.

“आजोबांचं,” मी म्हणाले, आणि झाकण स्वतःच उघडलं.